फ्रान्सचा लाडका पुपू

रेमाँ पुलिदोर या फ्रेंच सायकलपटूने १९६२ ते १९७६ या काळात ‘टूर द फ्रान्स’मध्ये १४ वेळा भाग घेतला. १२ वेळा तो शर्यत पुरी करून पॅरिसला पोचला. त्यांतल्या ८ वेळी तो पहिल्या तिघांत होता. ३ वेळा दुसरा, ५ वेळा तिसरा. एकूण वेळेत जो सर्वांच्या पुढे असेल त्याला या शर्यतीत पिवळी जर्सी मिळते. ती पुलिदोरच्या अंगावर कधीच चढली नाही, एका दिवसापुरतीसुद्धा नाही. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांपैकी झाक आंकतीलने पाच वेळा टूर जिंकली, एडी मर्क्सनेही पाच वेळा जिंकली. तरीही फ्रान्सच्या रस्त्यांवर खडूने आणि चुन्याने सर्वांत जास्त नाव लिहिलं गेलं ते पुलिदोरचं. लोक त्याला लाडाने ‘पुपू’ म्हणत. खेळाच्या इतिहासात जिंकणाऱ्यांची पूजा नवी नाही. जिंकणारा शेजारीच उभा असताना लोकांनी दुसऱ्यालाच डोक्यावर घेतलं, आणि तेही आयुष्यभर, हे मात्र क्वचित घडतं. ते का घडलं हे समजून घ्यायचं तर त्या माणसाबरोबर त्या वेळचा फ्रान्सही पाहायला हवा.

पुलिदोरचा जन्म १५ एप्रिल १९३६ चा, मास्बारो-मेरिन्या या खेड्यातला. फ्रान्सच्या मधोमध लिमूझँ प्रांत आहे. तिथल्या क्रूझ जिल्ह्यातलं हे गाव. डोंगराळ मुलूख, हलकी जमीन, गुरांचं चराऊ रान. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकामाला पॅरिसला जात आले होते. ज्यांना जाता येत नव्हतं ते दुसऱ्याच्या जमिनीवर राबत. पुलिदोरचे आईवडील अशाच खंडाच्या आणि वाट्याच्या शेतीवर जगणारे. रेमाँ १४ व्या वर्षी शाळा सोडून शेतावर लागला. शिकवायला हवं होतं हे आईला कळत होतं, पण घराला आणखी दोन हात हवे होते.

त्याच सुमारास त्याच्या हाती सायकल आली. दिवसभर शेतात राबायचं, संध्याकाळी उजेड असेल तोवर चढउतारांवर सायकल मारायची आणि रविवारी आसपासच्या गावांत जत्रेच्या निमित्ताने होणाऱ्या शर्यतींत उतरायचं, असा त्याचा क्रम झाला. तो आगगाडीत पहिल्यांदा बसला तो सैन्याची सक्तीची नोकरी लागली तेव्हा. ती नोकरी त्याला अल्जीरियात घेऊन गेली. तिथे तेव्हा फ्रान्सची वसाहत टिकवण्याची लढाई चालू होती. तिथे तो गाडी चालवत असे. परत आला तेव्हा अंग सुटलं होतं, सायकलीची सवय गेली होती. पण शेतकऱ्याच्या पोराला शरीर पुन्हा कामाला जुंपायला वेळ लागत नाही. थोड्याच दिवसांत तो शर्यतीत परतला आणि १९६० मध्ये मेर्सिए या सायकल कंपनीच्या संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाला. पुढे १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याने हा संघ बदलला नाही. प्रायोजकांची नावं बदलली, व्यवस्थापक बदलले, पण पुलिदोर मेर्सिएमध्येच राहिला.

संघाचे व्यवस्थापक होते आन्तोनँ मान्ये. १९३१ आणि १९३४ ची टूर जिंकलेला हा गृहस्थ शर्यतीच्या गाडीत पांढरा डगला आणि डोक्यावर बेरे घालून बसे. आपल्या खेळाडूंना ते अहो-जाहो करत. खेळाडूची तब्येत लोलक फिरवून जोखण्याचाही त्यांना नाद होता. शिस्त, काटकसर आणि प्रामाणिक मेहनत हे त्यांचं तत्त्व. पुलिदोरला ते वडिलांच्या जागी होते आणि तो त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे. या आज्ञाधारकपणाचा त्याला कधी फायदा झाला, कधी तोटा.

फायदा लगेच दिसला. १९६१ च्या मार्चमध्ये मिलान ते सान रेमो ही २८० किलोमीटरच्या वरची एकदिवसीय शर्यत होती. वाटेत पुलिदोरचं चाक पंक्चर झालं, पुढचा घोळका दूर गेला आणि त्याचं मन शर्यत सोडायला लागलं. मान्येंनी त्याला पुन्हा सायकलीवर बसवलं. त्याने पुढच्यांना गाठलं, समुद्रकाठच्या शेवटच्या पोज्जोच्या चढावर सर्वांना मागे टाकलं आणि काही सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. बेल्जियमचा रिक व्हान लोय दुसरा आला. त्याच वर्षी पुलिदोर फ्रान्सचा राष्ट्रीय विजेता झाला. ज्याला पुढे जग ‘कायमचा दुसरा’ म्हणणार होतं, त्याने सुरुवात अशी केली.

पहिली टूर १९६२ ची. हाताला प्लास्टर असतानाच तो सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला आणि पहिल्याच दिवशी आठ मिनिटं मागे पडला. तीन आठवड्यांच्या शर्यतीत वर्षभराची मेहनत पहिल्याच दिवशी अशी हातची गेली की बहुतेक जण पुढचे दिवस कसेबसे ढकलतात. पुलिदोर पुढे सरकत राहिला. आल्प्समधला एक्स-ले-बँचा टप्पा त्याने जिंकला आणि पॅरिसमध्ये तिसरा आला. फ्रान्सला त्याची ओळख पटली ती इथे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. प्लास्टर घातलेला हात लक्षात राहतो.

पिवळी जर्सी त्या वर्षी आंकतीलकडे होती. आंकतीलही साध्या घरातला. नॉर्मंडीत स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. पण सायकलीवर बसला की त्याच्यात शेत कुठेच दिसत नसे. पाठ सपाट, पायाची बोटं खाली वळलेली, चेहऱ्यावर एकही रेघ नाही. घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायच्या टप्प्यांत त्याला तोड नव्हती. तिथे मिनिटं कमवायची आणि डोंगरात ती जपून खर्च करायची, ही त्याची रीत. आधुनिक माणूस जसा हिशेबाने भांडवल गुंतवतो तशी तो ताकद गुंतवे. शर्यतीच्या काळातही चांगलं खाणंपिणं आणि रात्री उशिरापर्यंत पत्ते हे त्याला वर्ज्य नव्हतं. फ्रान्सने त्याचं कौतुक केलं, पण त्याला कुशीत घेतलं नाही.

पुलिदोर सर्व बाबतींत त्याच्या उलट. रुंद खांदे, उन्हाने रापलेला चेहरा, चढावर दिसणारे कष्ट. बोलणं लिमूझँच्या खेड्यातलं, सावकाश. हरल्यावर कोणाला दोष द्यायचा नाही, जिंकल्यावर मिरवायचं नाही. आणि हे सारं नेमकं अशा काळात घडत होतं जेव्हा फ्रान्स झपाट्याने आपलं रूप बदलत होता. महायुद्धानंतरच्या तीस वर्षांत शेतीवर जगणारे लाखो लोक शहरांतल्या कारखान्यांकडे आणि कचेऱ्यांकडे गेले. १९५४ मध्ये कामकरी फ्रेंचांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक शेतीत होते. १९७५ पर्यंत हा वाटा दहाव्या हिश्श्यावर आला. घोडे गेले, ट्रॅक्टर आले. क्रूझसारखे जिल्हे रिकामे होत गेले. जे शहरात गेले त्यांच्या मनात गाव राहिलं होतं, जे गावात राहिले त्यांना आपण मागे पडतोय असं वाटत होतं. इतिहासकार मिशेल विनॉक यांनी साठच्या दशकाबद्दल लिहिताना या दोन सायकलपटूंमध्ये दोन फ्रान्स पाहिले. आंकतील म्हणजे पुढे धावणारा, हिशेबी, नवा फ्रान्स. पुलिदोर म्हणजे शेत, घाम आणि सोसणं यांचा जुना फ्रान्स.

हे चित्र जरा ठळक रंगांत काढलेलं आहे, कारण दोघेही शेतकऱ्यांचेच मुलगे होते आणि पुलिदोरला पैशाचा हिशेब चांगला कळत होता. पण लोक ज्याला आपला मानतात त्याच्यात ते आपल्याला हवं ते पाहतात. १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओ शेताच्या बांधावर पोचला होता, दूरचित्रवाणी गावच्या कॅफेत येत होती. टूर तर थेट दारावरूनच जात असे. तिकीट नाही, कुंपण नाही. सकाळी डबा घेऊन रस्त्याकडेला बसायचं, दुपारी शंभरेक सायकली दोन मिनिटांत निघून जायच्या आणि संध्याकाळी त्या दोन मिनिटांवर वाद घालायचे. ‘आंकतीलचे’ आणि ‘पुलिदोरचे’ अशी घराघरांत फाळणी झाली. तिला टोक आलं १९६४ मध्ये.

त्या वर्षी पुलिदोर स्पेनची व्हुएल्ता जिंकून आला होता. आंकतील इटलीची ‘जिरो’ जिंकून आला होता. दोघेही ऐन भरात. त्या टूरमधले चार दिवस जवळून पाहिले तर पुलिदोरची सगळी कारकीर्द त्यांत सापडते.

पहिला दिवस मोनॅकोचा. टप्पा तिथल्या मैदानातल्या धावपट्टीवर संपणार होता. रेषा एकदा ओलांडायची, मग एक फेरी मारून पुन्हा ओलांडायची, तेव्हा टप्पा पुरा. पुलिदोरने पहिल्याच वेळी जीव तोडून धाव घेतली, रेषा सर्वांच्या आधी ओलांडली आणि आपण जिंकलो असं समजून पाय सैल सोडले. फेरी अजून बाकी होती. ती आंकतीलने जिंकली आणि विजेत्याची एक मिनिटाची सूट त्याच्या खात्यात जमा झाली.

दुसरा दिवस आन्दोरा ते तुलूझ. आदल्या दिवशीच्या सुट्टीत आंकतील मजेत मेजवानीला गेला होता. त्यातच एका प्रसिद्ध ज्योतिष्याने या शर्यतीच्या १४ व्या टप्प्यात त्याचा मृत्यू होईल असं भाकीत केलेलं होतं आणि तो टप्पा हाच. सकाळी सुरुवातीलाच पिरनीज पर्वतातला एन्व्हालिराचा उंच घाट. आंकतील मागे पडू लागला, माथ्यावर पोचेपर्यंत काही मिनिटांनी मागे गेला. शर्यत हातातून निसटत होती. पण धुक्याने भरलेल्या उतारावर त्याने जी झेप घेतली ती बघणारे विसरले नाहीत. दरीच्या कडेने आंधळ्यासारखा उतरत त्याने पुढच्यांना गाठलं. आता दैव पुलिदोरकडे वळलं. तुलूझ जवळ आलं असताना त्याच्या चाकाचे स्पोक तुटले. मेकॅनिकने घाईघाईत सायकल दिली आणि त्याला जोराने ढकलताना पाडलं. पुलिदोर उठेपर्यंत घोळका दूर गेला होता. दिवसाच्या शेवटी अडीच मिनिटांहून जास्त नुकसान. दुसऱ्याच दिवशी ल्युशोंचा टप्पा त्याने एकट्याने पुढे निघून जिंकला आणि गेलेल्या वेळेतला बराचसा भाग परत मिळवला. ही त्याची तऱ्हा. दुपारी हरायचं, सकाळी पुन्हा उभं राहायचं.

तिसरा दिवस बायोनचा, घड्याळाविरुद्धच्या धावेचा. हे आंकतीलचं राज्य. तरीही पुलिदोर त्याच्या अगदी जवळ होता. इतक्यात चाक पंक्चर झालं. दुसरी सायकल घेऊन धावणारा मेकॅनिक गडबडीत सायकलीसकट खड्ड्यात कोसळला. पुलिदोरने स्वतः सायकल उचलली, सरळ केली, निघाला. आंकतीलने टप्पा ३७ सेकंदांनी जिंकला आणि झोर्झ ग्रुसार या फ्रेंच खेळाडूकडची पिवळी जर्सी त्या संध्याकाळी आंकतीलकडे आली.

चौथा दिवस १२ जुलै १९६४. ब्रीव्हहून निघून क्लेरमों-फेराँजवळच्या पुई द दोम या विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर, १४०० मीटरहून जास्त उंचीवर पोचायचं होतं. शेवटचा रस्ता डोंगराभोवती मळसूत्रासारखा गुंडाळत वर जातो आणि अखेरच्या चार-पाच किलोमीटरमध्ये कुठेही श्वास घ्यायला सपाटी देत नाही. लोकांनी डोंगर व्यापला होता. त्या दिवशी तिथे पाच लाख माणसं असल्याचं सांगतात. आंकतील ५६ सेकंदांनी पुढे होता आणि पुलिदोर डोंगरातला अधिक बळकट. पुढे हुलिओ हिमेनेझ आणि फेदेरिको बाहामोन्तेस हे दोन स्पॅनिश खेळाडू निसटून गेले. मागे दोघेच उरले.

आंकतीलची ताकद संपली होती. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याच्या मागे राहून त्याच्या आडोशाने वारा चुकवायचा, हे सायकल शर्यतीतलं पहिलं शहाणपण. आंकतीलने ते केलं नाही. तो पुलिदोरच्या बरोबरीला राहिला. डोंगराच्या भिंतीच्या बाजूने तो, दरीच्या बाजूने पुलिदोर. रस्ता अरुंद, गर्दी अंगावर येणारी. कित्येक मिनिटं दोघे खांद्याला खांदा लावून चढत राहिले. एका क्षणी त्यांची कोपरं एकमेकांवर आदळली, आणि तोच क्षण छायाचित्रात पकडला गेला. ते छायाचित्र पुढे फ्रेंच खेळाच्या इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र ठरलं. बरोबरीला राहण्यात आंकतीलचा डाव होता. मागे राहिलो तर आपण दमलोय हे पुलिदोरला कळेल. शेजारी राहिलो तर कळणार नाही. पुलिदोरला ते खरंच उशिरा कळलं. शेवटचा किलोमीटर उरला असताना त्याने जोर लावला आणि आंकतील एकदम मागे पडला. माथ्यावर पोचेपर्यंत त्याने ४२ सेकंद परत मिळवली होती. ५६ मधून ४२ गेले, १४ उरले. आंकतीलची पिवळी जर्सी १४ सेकंदांनी वाचली.

दोन दिवसांनी पॅरिसच्या अखेरच्या घड्याळाविरुद्धच्या धावेत आंकतीलने ती आघाडी वाढवली आणि टूर ५५ सेकंदांनी जिंकली. म्हणजे मोनॅकोच्या धावपट्टीवर फुकट गेलेली एक मिनिटाची सूट या फरकापेक्षा मोठी होती. पुलिदोर ती टूर कुठे हरला याचं उत्तर पुई द दोमवर नाही. ते तिथे आहे, जिथे एक फेरी बाकी आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

जिंकूनही आंकतीलच्या मनाला हे लागलं होतं. लोक नाव घेत होते पुलिदोरचं. लोकांचं प्रेमही जिंकून दाखवायचं म्हणून १९६५ मध्ये त्याने अचाट बेत केला. डोफिने ही आठवडाभराची डोंगराळ शर्यत त्याने पुलिदोरला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून जिंकली. त्याच संध्याकाळी विमानाने बोर्दो गाठलं आणि मध्यरात्री सुरू झालेली बोर्दो ते पॅरिस ही साडेपाचशे किलोमीटरहून लांब शर्यतही जिंकली. त्या दिवशी पॅरिसने त्याला खरोखर मनापासून टाळ्या दिल्या. त्यासाठी त्याला एवढं करावं लागलं. पुलिदोरला त्या टाळ्या दर रविवारी, कुठल्याही गावात मिळत होत्या.

१९६५ च्या टूरला आंकतील आलाच नाही. आता पुलिदोरचीच पाळी, असं सर्वांनी धरलं होतं. त्याने मों व्हाँतूच्या उघड्याबोडक्या डोंगरावरचा टप्पा जिंकला, घड्याळाविरुद्धचा एक टप्पाही जिंकला. पण ऐन वेळी प्रतिस्पर्धी संघात घेतलेल्या फेलिचे जिमोंदी या २२ वर्षांच्या इटालियन पोराला त्याने सुरुवातीला फार मोकळं सोडलं होतं. जिमोंदी २ मिनिटं ४० सेकंदांनी जिंकला. १९६६ मध्ये आंकतील आजारी पडून शर्यत सोडून गेला, पण जाण्याआधी आपल्या संघातल्या ल्युसियाँ एमारला त्याने पुढे काढून दिलं होतं. पुलिदोर तिसरा. १९६७ मध्ये पडझडीत वेळ गेला, तर त्याने मुकाट्याने रोझे पँझाँ या सहकाऱ्यासाठी कष्ट केले आणि पँझाँ जिंकला. १९६८ मध्ये आंकतील टूरमध्ये नव्हता, मर्क्स अजून आला नव्हता, आणि वाट मोकळी होती. शर्यतीबरोबर चालणाऱ्या एका मोटारसायकलीने पुलिदोरला उडवलं. नाक फुटलं, चेहरा रक्तबंबाळ झाला. तो टप्पा त्याने पुरा केला, पण काही दिवसांत शर्यत सोडावी लागली.

हे सारं वाचताना ‘दुर्दैवी’ हा शब्द ओठांवर येतो आणि फ्रेंच वृत्तपत्रांनी तो भरपूर वापरला. पण नुसत्या दैवाने अशी कारकीर्द घडत नाही. पुलिदोरकडे पाय होते, छाती होती, सोसण्याची ताकद तर अमाप होती. समोरच्याला संपवण्याची जी भूक आंकतील आणि मर्क्सकडे होती ती त्याच्याकडे कमी होती. नकाशा, नियम, उरलेल्या फेऱ्या, प्रतिस्पर्ध्याचा चेहरा, या गोष्टी तो पुरेशा वाचत नसे. मान्येंची सावध शिस्त त्याच्या स्वभावाला साजेशी होती आणि म्हणूनच ती त्याच्या उणिवा भरून काढू शकली नाही. शिवाय त्याला एक गोष्ट लवकर उमगली होती. टूरनंतर फ्रान्सभर गावोगावी खेळाडूंना मानधन देऊन शर्यती भरवल्या जात. सायकलपटूची खरी कमाई तिथे होई. पुलिदोरला तिथे विजेत्याच्या तोडीची मागणी होती. आपलं दैव जितकं वाईट तितकं लोकांचं प्रेम जास्त आणि कमाईही जास्त, असं तो मोकळेपणाने सांगे. आईवडिलांना वर्षभर राबून हाती काय पडतं हे पाहिलेल्या माणसाला त्या कमाईची लाज वाटण्याचं कारण नव्हतं.

तरीही त्याला हरण्यातच समाधान होतं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. पस्तिशीनंतरची त्याची वर्षं पाहा. १९७२ च्या मार्चमध्ये पॅरिस–नीस ही आठवड्याची शर्यत होती. आधीची तीन वर्षं ती मर्क्सने जिंकलेली. आंकतीलच्या नंतर आलेला हा बेल्जियन खेळाडू इतरांना किरकोळ टप्पेसुद्धा सोडत नसे. शेवटच्या दिवशी नीसजवळच्या एझच्या घाटावर प्रत्येकाने एकट्याने चढायचं होतं. महिनाभरात ३६ पूर्ण करणार असलेल्या पुलिदोरने तिथे मर्क्सला मागे टाकलं आणि शर्यत ६ सेकंदांनी जिंकली. पुढच्या वर्षी ती पुन्हा जिंकली. १९७३ च्या टूरची पहिली छोटी धाव हॉलंडमध्ये होती. तिच्यात योप झूटेमेल्कने त्याला एका सेकंदाहूनही कमी फरकाने मागे टाकलं. पिवळ्या जर्सीच्या इतक्या जवळ तो पुन्हा कधी पोचला नाही. त्याच टूरमध्ये पोर्ते-दास्पेच्या उतारावर तो दरीत कोसळला. डोकं फुटलेल्या पुलिदोरला वर यायला मदत करणाऱ्यांत टूरचे संचालक झाक गोद्दे स्वतः होते.

दुसरा कोणी इथे थांबला असता. पुलिदोर १९७४ मध्ये, ३८ व्या वर्षी, परत आला. पिरनीजमधल्या सँ-लारीच्या चढावर त्याने मर्क्ससकट सगळ्यांना मागे सोडून टप्पा जिंकला आणि टूरमध्ये दुसरा आला. त्याच वर्षी मॉंट्रियलच्या जागतिक स्पर्धेतही मर्क्सच्या पाठोपाठ दुसरा. १९७६ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, आपल्या शेवटच्या टूरमध्ये तो तिसरा आला. पहिल्या टूरमध्ये तिसरा, शेवटच्या टूरमध्ये तिसरा, मधे १४ वर्षं. या काळात आंकतील आला आणि गेला, मर्क्सचंही राज्य सरलं. पुलिदोर जवळजवळ दर जुलैमध्ये होताच. लहान मूल म्हणून ज्याने त्याला १९६२ मध्ये पाहिलं तो आपलं मूल खांद्यावर घेऊन १९७६ मध्ये त्याच रस्त्याकडेला उभा राहू शकत होता. लोकप्रियतेचं हे एक साधं कारण आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली जात नाही. तो टिकला.

‘कायमचा दुसरा’ ही पदवीही आकड्यांवर टिकत नाही. टूरमध्ये तो दुसरा फक्त तीनदा आला. टूरचे ७ टप्पे, सान रेमो, व्हुएल्ता, फ्लेश वालोन, घड्याळाविरुद्धची ‘ग्राँ प्री दे नासियों’, दोनदा डोफिने, दोनदा पॅरिस–नीस, राष्ट्रीय विजेतेपद. एवढं जिंकलेला खेळाडू कुठल्याही देशात मोठा गणला जाईल. झूटेमेल्क टूरमध्ये सहा वेळा दुसरा आला. ती पदवी चिकटली मात्र पुलिदोरला, आणि आजही फ्रान्समध्ये सतत दुसरा येणाऱ्या राजकारण्याला किंवा उद्योगाला लोक ‘पुलिदोर’ म्हणतात. लोकांना त्याची हार आवडली म्हणून हे झालं नाही. हरल्यावर तो जसा वागला ते लोकांना ओळखीचं वाटलं. गारपिटीने पीक गेलं तर शेतकरी दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरतो, कारण पेरणं हेच त्याचं काम असतं. पुलिदोर सायकल तशी चालवत असे. त्यात कुठे नाटक नव्हतं, आणि रस्त्याकडेला उभं राहणाऱ्या लोकांना नाटक लगेच कळतं.

सरकारनेही याची नोंद घेतली. १९७३ मध्ये त्याला ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळाला. निवृत्तीनंतर तो लिमूझँमध्येच, सँ-लेओनार-द-नोब्ला या छोट्या गावात राहिला. दर जुलैमध्ये मात्र टूरबरोबर फिरे. पिवळ्या जर्सीची प्रायोजक असलेल्या बँकेच्या वतीने तो लोकांना भेटे आणि त्या कामाचा गणवेश म्हणून पिवळा सदरा घाले. सकाळच्या टप्प्यापूर्वी त्याच्याभोवती रांगा लागत. ऐंशीच्या घरात गेलेला हा माणूस स्वाक्षरी देताना घाई करत नसे, आणि रांगेत त्याला शर्यतीत कधीच न पाहिलेली मुलं असत.

आंकतीलशी त्याचं वैर वय वाढलं तसं विरघळलं. दोघांना एकमेकांची सोबत आवडू लागली. १९८७ मध्ये आंकतीलला पोटाच्या कर्करोगाने गाठलं. आपल्या वेदना म्हणजे दिवसभर, प्रत्येक तासाला पुई द दोम चढत राहणं आहे, असं त्याने पुलिदोरला सांगितलं होतं. आणि जाण्याच्या सुमारास, तुला याही बाबतीत दुसरंच यावं लागणार, असं तो म्हणाल्याची आठवण पुलिदोर पुढे अनेकदा सांगे. त्या डोंगरावर आंकतीलच्या शेजारी कोण होतं हे दोघांनाही आयुष्यभर पुरलं. १८ नोव्हेंबर १९८७ ला आंकतील ५३ व्या वर्षी गेला. पुलिदोर पुढे ३२ वर्षं जगला आणि १३ नोव्हेंबर २०१९ ला, ८३ व्या वर्षी, आपल्या गावातच वारला.

त्याची मुलगी कोरीन हिचं लग्न आद्री व्हान देर पूल या डच सायकलपटूशी झालं होतं. त्यांचा मुलगा माथ्यू २०२१ मध्ये पहिल्यांदा टूरला उतरला. २७ जूनला ब्रिटनीतल्या म्यूर-द-ब्रेताञच्या चढावर टप्पा संपणार होता, आणि तो चढ दोनदा चढायचा होता. पहिल्या वेळी वर पोचणाऱ्यालाही काही सेकंदांची सूट होती. माथ्यूने पहिल्याच वेळी हल्ला करून ती सूट मिळवली, मग दुसऱ्या वेळी पुन्हा सर्वांच्या पुढे जाऊन टप्पा जिंकला. दोन्हींच्या बेरजेने पिवळी जर्सी त्याची झाली. मोनॅकोत आजोबांनी पहिल्या फेरीला अजाणता केलेली धाव नातवाने इथे पूर्ण हिशेबाने केली. रेषा ओलांडताना त्याने बोट आकाशाकडे केलं आणि नंतर बोलताना त्याला रडू आवरेना. ती जर्सी त्याने सहा दिवस सांभाळली. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, टूर ३५ वर्षांनंतर पहिल्यांदा पुई द दोमवर परतली तेव्हा तो टप्पा पुलिदोरच्या सँ-लेओनार गावातून सुरू करण्यात आला.

या मानाने पुलिदोरचं ऋण फिटलं, असं मात्र म्हणता येणार नाही, कारण त्याचं कोणाकडे काही येणं नव्हतं. पिवळ्या जर्सीच्या मागे लागून त्याने आयुष्य कडवट करून घेतलं नाही, आणि ती मिळाली नाही म्हणून लोकांनी त्याच्यावर दया केली नाही. खेळाचा इतिहास विजेत्यांच्या याद्यांनी लिहिला जातो आणि त्या याद्या खऱ्याच असतात. पण एखाद्या काळातली माणसं कशाला मान देत होती, कशात स्वतःला पाहत होती, हे त्या याद्यांत सापडत नाही. साठच्या दशकातला फ्रान्स श्रीमंत होत होता, धावत होता, आंकतीलसारखा जिंकत होता. त्याच वेळी तो आपलं नाव पुलिदोरच्या नावाशी जोडत होता. कष्ट करणाऱ्याला फळ मिळतंच, हे खोटं आहे हे त्या लोकांना अनुभवाने माहीत होतं. फळ मिळालं नाही तरी कष्ट करणाऱ्याचा मान कमी होत नाही, हे त्यांना कोणीतरी दाखवायला हवं होतं. पुलिदोरने ते १४ उन्हाळे दाखवलं, आणि म्हणून ‘पुपू’ हे नाव फ्रान्समध्ये आजही आपुलकीनेच घेतलं जातं.